दोडक्याचे बी

(मंडळीच्या कापणी-उपकारस्तुतीच्या सभेत एका शिक्षिकेने केलेले भाषण)



आज तुम्ही वेदीपुढे धान्य आणि भाजी आणली आहे. मी फक्त मूठभर दोडक्याचे बी आणले आहे. ते कुठून आले, तेवढे सांगते.

मी सास्तूर भागातल्या एका शाळेत शिकवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर आमच्याकडची कितीतरी गावे नव्या जागी वसली. घरे लवकर उभी राहतात, झाडाला मात्र वेळ लागतो. शाळेत परसबाग करायचे ठरले, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने पुढे झाले. बागकामातले मला काहीच येत नव्हते.

पहिल्या खेपेस मेथी पेरली. बी बोटभर खोल पुरले आणि वर बादल्या ओतल्या. आमची जमीन काळी, चिकट. पाणी साचले, मग ऊन पडून वर पापुद्रा धरला. आठ दिवस झाले तरी एक कोंब दिसेना. मागच्या रांगेतली एक मुलगी पुढे आली. वर्गात ती कधी बोलत नसे. म्हणाली, "बाई, एवढं बारकं बी इतकं खाली गाडल्यावर वर कसं येईल?"

ती पारधी वस्तीवरची. पुढे तिनेच आम्हांला कितीतरी शिकवले. मी जे तण म्हणून उपटून टाकत होते, त्यातला तांदुळजा, घोळ, पाथरी तिने बाजूला काढून ठेवली. ही तर भाजी! आम्ही वाफे उंच केले, मातीत कुजलेले शेणखत मिसळले, हात धुण्याच्या नळाचे पाणी चर काढून बागेकडे वळवले. भोपळ्याची नर आणि मादी फुले मुलांनी स्वतः ओळखली. मादी फुलाखाली इवलासा भोपळा आधीच असतो, हे मीही तेव्हाच नीट पाहिले. तुरीचे रोप उपटून मुळांवरच्या गाठी पाहिल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांना त्यांच्या भोवतालच्या वस्तूंतून शिकवले, हे मी डी.एड.ला पाठ केले होते. त्याचा अर्थ आता कळला.

आता माझी चूक सांगते. एका सकाळी वेलीवरच्या काकड्या गायब झाल्या. मुले म्हणाली, "पारध्यांनीच नेल्या असतील." आणि मी सगळ्यांसमोर त्या मुलीचे दप्तर उघडून पाहिले. आत एक वही आणि भाकरी होती. दुपारी कुंपणाच्या फटीत शेळीचे केस आणि आत खुरांचे ठसे सापडले.

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये कायदा करून पुढे कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पारधीही त्यांत आले. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला. माझ्या मनातून तो पुसला नव्हता, हे त्या दिवशी दिसले. मी दर रविवारी देवळात बसणारी बाई!

मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी मी वस्तीवर गेले. तिच्या आईला म्हटले, "ताई, माझं चुकलं." ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आम्हाला सवय हाय, बाई. पोरीला नव्हती." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सर्वांसमोर तिची क्षमा मागितली, पण तेव्हा तिची जागा रिकामी होती.

ती सोमवारी आली. चिंधीत बांधलेले दोडक्याचे बी तिने माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "आईनं दिलंय. कुंपणाला लावा. वेल दाट झाला की शेळी शिरत नाही."

तोच वेल यंदा कुंपणभर पसरला. काही दोडके आम्ही बियांसाठी वेलावरच वाळू दिले. हे बी त्यातलेच आहे.

बी पेरणारा झोपतो, उठतो आणि बी कसे वाढते ते त्याला कळत नाही, असा दाखला प्रभूने दिला. मला वाटत होते की पेरणारी मी आहे. खरे तर माझ्यातच काहीतरी पेरले जात होते.

सभेनंतर प्रत्येकाने चार बिया न्याव्यात. पावसाच्या तोंडाशी लावा, फार खोल पुरू नका. वेल चढेल तेव्हा आमच्या वस्तीवरच्या लेकरांसाठी प्रार्थना करा. आणि कोणावर बोट दाखवण्याआधी कुंपणाची फट पाहा.

देव तुमचे भले करो.