हौदा किती मोठा हवा?



परभणीहून औंढ्याच्या वाटेला लागलात की आमचं जवळा बाजार लागतं. नावातच बाजार, त्यामुळे माल आहे, माल नेणारे आहेत आणि 'कोणती गाडी चांगली' यावर चहाच्या टपरीवर रोज भरणारी एक सभाही आहे. २०२५ च्या दिवाळीनंतर मीही त्या सभेत जाऊन बसलो. कारण माझ्या मुलानं पुण्याची नोकरी न धरता पिकअप घ्यायचं मनावर घेतलं होतं.

मला भीती वाटत होती आणि ती उगाच नव्हती. थोरल्या दादांनी २००९ साली असाच एक टेंपो घेतला होता. कुणी तरी सांगितलं म्हणून घेतला. दीड वर्षात हप्ते थकले, फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली आणि उरलेलं देणं फेडायला दादांनी ओढ्याकाठचं दीड एकर विकलं. म्हणून मी मुलाला म्हटलं, "गाडी घे बाबा, पण आधी वही घे."

वहीत चार नावं आली. बोलेरो पिकअप तर आमच्या भागात जुनीच. टाटांचा 'एस' म्हणजे आपला छोटा हत्ती २००५ साली आला आणि खेड्यातल्या पोरांना चार चाकांचा धंदा दाखवून गेला. पण हळदीच्या हंगामात तो अपुरा पडतो. त्याहून मोठ्यांत अशोक लेलँडचं दोस्त २०११ मध्ये आलं, टाटांची योद्धा २०१७ मध्ये, आणि चौथी इंट्रा व्ही ५०.

शोरूममध्ये ताकदीचे आकडे ऐकवतात. योद्धाचं इंजिन १०० अश्वशक्तीचं, इंट्राचं ८०, बोलेरोचं ७५ च्या आसपास. आम्ही मात्र आकड्यांचे कट्टे केले. १३०० किलो म्हणजे पन्नास किलोचे २६ कट्टे, १५०० म्हणजे ३०, १७०० म्हणजे ३४ आणि दोन टनांच्या गाडीत ४०. मुलाचा जीव चाळीस कट्ट्यांवर जडला.

टपरीवरचे जाणकार म्हणाले, "लहान घे अन् वरून चार कट्टे जास्त टाक, कोण बघतंय?" पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. आणि दंड एक वेळ चुकेल, पाटे आणि ब्रेक चुकत नाहीत. आणखी एक गोष्ट कळली: ज्या मालगाडीचं मालासकट एकूण वजन ३००० किलोच्या आत, तिला परमिट लागत नाही. त्यावर गेलं की लागतं. हा आकडा आरसी बुकावर असतो. घेण्याआधीच विचारून घ्या.

मग दादांनी एक युक्ती सांगितली. "गाडी शोरूममधी बघू नका, लोडात बघा." आमचा माल बाजारात न्यायचाच होता. आम्ही दर खेपेला वेगळी गाडी भाड्यानं केली आणि मुलगा ड्रायव्हरशेजारी बसला. निघताना टाकी फुल, परतल्यावर पुन्हा फुल. मधलं डिझेल वहीत. आखूड नाकाची गाडी अरुंद आडतीत चटकन वळते, हे त्यानं तिथंच पाहिलं. लांब नाकाच्या गाडीचं बॉनेट उघडून आमचा गावातला मिस्त्री उभ्या-उभ्या काम करतो, हेही पाहिलं. डिझेलचा फरक गाडीपेक्षा ड्रायव्हरच्या पायात जास्त निघाला. पण खरी गोष्ट पुढं आली: प्रत्येक खेपेला येताना हौदा रिकामा होता.

वही घेऊन आम्ही दादांपुढं बसलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "वर्षात उभी किती दिवस राहील?" वहीत तो रकानाच नव्हता. माझ्या लक्षात आलं, त्यांचा टेंपो रस्त्यावर बिघडून बुडाला नव्हता, तो दारात उभा राहून बुडाला होता.

रात्री बसून मांडलं. सोयाबीनचे दोन महिने, हळदीचे तीन-चार. त्या दिवसांत चाळीस कट्टे मिळतील. बाकीच्या दिवसांत भाजीपाला, खत, ढेप, एखाद्याचा फ्रीज, एखाद्याची म्हैस. त्याला दोन टनांचा हौदा कशाला? हप्ता मात्र बाराही महिने येतो. शिवाय विमा दरवर्षी, आणि पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी फिटनेस.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. मुलगा म्हणाला, "वाचले तेवढ्यात मोठी घेऊ." मी म्हटलं, "वाचले ते कर्जातून कमी कर."

शेवटी १३०० किलोची बोलेरो घेतली. ती सगळ्यांत चांगली म्हणून नव्हे; आमचा मिस्त्री तिला ओळखतो आणि सुटा भाग त्याच दिवशी मिळतो म्हणून. तुमच्या गावात दुसरी कुणी ओळखीची असेल, तर तुमचं उत्तर वेगळं येईल. जमीन तारण ठेवली नाही.

हप्ते अजून बरेच आहेत. पण वहीत आता नवा रकाना आहे, 'उभी'. गेल्या महिन्यात त्यात नऊ दिवस आले. दादा दर रविवारी तोच रकाना आधी वाचतात.