शाळेसाठी एअरब्रश कोणता घ्यायचा?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत मला भाषणाला उभं केलं की मी दोन ओळी बोलून खाली बसायचे, हे तुम्हाला आठवत असेल. आज मात्र दहा मिनिटं घेणार आहे, कारण विषय पैशांचा आहे. चित्रकलेच्या खोलीसाठी आपण सगळ्यांनी वर्गणी काढली. तिच्यातून एअरब्रशचा संच घ्यायचं ठरलं आणि "तुला तो नाद आहे, तूच निवड" म्हणून काम माझ्यावर टाकलंत. आपल्यातल्या काहींचं म्हणणं आहे की एकच घ्या, पण सगळ्यात बारीक सुईचा आणि सगळ्यात भारी घ्या. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सर्वांसमोर सांगायला हवं.

ज्यांनी एअरब्रश पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. पेनाएवढी पिचकारी समजा. आत एक सुई असते आणि तिचं टोक नोझलच्या भोकात बसलेलं असतं. कॉम्प्रेसरची हवा त्याच्या भोवतीने जोरात बाहेर पडते आणि रंगाला ओढून घेते. सुई मागे सरकवाल तेवढा रंग बाहेर येतो. बाजारात ०.१५ मिलिमीटरपासून ०.५ मिलिमीटरपर्यंतच्या सुया सहज दिसतात. किंमत दीड-दोन हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत जाते. नवखा माणूस काय हिशेब करतो? बारीक काम करायचं तर बारीक सुई. मीही तोच केला होता.

या टेबलावर दोन एसटी ठेवल्या आहेत. दोन्ही मी केलेल्या, १:५० प्रमाणात. खरी गाडी साधारण ११ मीटर धरली तर ही २२ सेंटिमीटर झाली. पाटीवर मार्ग लिहिलाय तो आपलाच, शहापूर-मुरबाड, किन्हवली आणि सरळगाववरून. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पण आपल्यापैकी निम्म्यांसाठी एसटी म्हणजे शाळेत आणणारी आणि शेवटची फेरी चुकली की रडवणारी गाडी.

माझे बाबा एसटीत चालक होते, हे तुम्हाला माहीत आहे. पहिली गाडी पूर्ण झाली तेव्हा मी ती मोठ्या अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवली. लाल रंग चकाचक, पिवळा पट्टा सुतासारखा सरळ. त्यांनी चष्मा लावला, गाडी फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. पण ही आमची नव्हे. आमची गाडी माळशेज उतरून यायची तेव्हा चाकांच्या मागे तांबडी झालेली असायची. डिझेलच्या टाकीखाली काळा ओघळ असायचा. ही कुठे गेलेलीच दिसत नाही."

मला वाईट वाटलं. पण बारीक काम म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. पिवळा पट्टा सरळ आला तो एअरब्रशमुळे नव्हे. आधी राखाडी प्रायमर मारला, त्यावर पिवळा दिला, तो वाळल्यावर मास्किंग टेप चिकटवली आणि मग लाल मारला. फिका रंग आधी, गडद नंतर. टेप नीट दाबली असेल तर स्वस्तातल्या पिचकारीनेही कड सरळ येते. पाटीवरची अक्षरं ही तर कुंचल्याची कामं. आपल्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांत पाहा, किंवा पेणला जाऊन पाहा. अंगाचा रंग, गालावरची छटा कॉम्प्रेसरवर होते. पण डोळ्यांची आखणी कारागीर हातात कुंचला घेऊनच करतो.

मग एअरब्रशचं खरं काम कोणतं? जिथे एक रंग दुसऱ्यात विरत जातो ते. चाकामागचा फुफाटा खाली दाट आणि वर जाता जाता नाहीसा होतो. खिडकीखालचे पावसाचे ओघळ, मागच्या बाजूची काजळी, पत्र्याच्या सांध्यातला गंज, हे कुंचल्याने केलं की चिकटवल्यासारखं दिसतं.

हे करायला मी भारीतला, ०.१५ सुईचा एअरब्रश घेतला. विक्रेत्याने सांगितलं, "मॅडम, याच्यापुढे काही नाही." त्याचं नोझल तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. एप्रिलमध्ये शहापूरच्या घरी काम करत होते. आपला एप्रिल तुम्हाला ठाऊक आहे. ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळायचा, रेघ मध्येच थांबायची आणि मग एकदम थुंकल्यासारखा ठिपका पडायचा. असाच एक ठिपका थेट पाटीवरच्या 'मुरबाड'वर पडला. दर पाच मिनिटांनी सफाई करावी लागायची. अशाच एका सफाईत मी नोझल जरा जास्त पिळलं आणि ते चिरलं. दुसरं मिळायला सहा आठवडे लागले.

मग मी आमच्या कामातली सवय वापरली. प्रोग्राम चुकला की सगळं एकदम बदलायचं नाही. एका वेळी एक गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. जुना ०.३ सुईचा एअरब्रश काढला आणि वहीच्या कागदावर रेघा ओढत बसले. आधी फक्त रंगाचा पातळपणा बदलला, मग फक्त हवेचा दाब, मग फक्त अंतर.

त्यातून जे निघालं ते असं. रंग दुधाइतका पातळ हवा. कपाच्या कडेवरून ओघळला तर मागे झिरझिरीत थर राहिला पाहिजे. रंग घट्ट असेल तर कोणतीही सुई अडते. दाब म्हणाल, तर सबंध गाडीला रंग मारताना १८ ते २० पीएसआय, टायरवाला ज्याला पाउंड म्हणतो ते. कारच्या टायरमध्ये ३०-३५ असतं, म्हणजे त्याहून बरंच कमी. बारीक रेघेसाठी १२ ते १५. दाब उतरवाल तितका रंगही आणखी पातळ हवा, नाहीतर खरखरीत उडतो. अंतर म्हणाल, तर थर द्यायला आठ-दहा सेंटिमीटर आणि रेघेला एक-दोन सेंटिमीटर. उन्हाळ्यात रंगात रिटार्डरचे दोन थेंब टाकले की टोकावर वाळणं खूप कमी होतं.

या पद्धतीने ०.३ च्या सुईतून मला एक मिलिमीटरची रेघ सहज मिळायला लागली. आता गणित करा. १:५० मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर पाच सेंटिमीटर. डिझेलचा ओघळ तेवढाच असतो. चाकामागचा फुफाटा खऱ्या गाडीवर तीस सेंटिमीटरमध्ये विरत असेल, तर इथे तो सहा मिलिमीटर झाला. या कामाला ०.१५ ची गरज कुठे आहे? कोणी १:७२ ची विमानं करत असेल आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांचं छलावरण हवं असेल, तर ०.२ घ्यावा, जरूर घ्यावा. पण तो दुसरा एअरब्रश. पहिला नव्हे.

ही दुसरी गाडी त्या ०.३ ने केली आहे.

आता आपल्या खोलीचं. तिथे एअरब्रश एका माणसाच्या हातात राहणार नाही, वर्गभर मुलं हाताळणार आहेत. पडणार, सुई वाकणार, कोणीतरी रंग वाळू देणार. म्हणून माझी शिफारस अशी.

एक भारी घेण्याऐवजी ०.३ च्या आसपासचे मध्यम किमतीचे दोन घ्यावेत. खटका दुहेरी हवा. दाबला की हवा येते आणि मागे ओढला की रंग येतो. शिकायला आठवडाभर त्रास होतो, पण छटा त्यानेच जमते. रंगाचा कप वर बसवलेला असावा, म्हणजे रंग आपल्या वजनाने खाली येतो, कमी दाबावर चालतो आणि थेंबभर रंगातही काम होतं. नोझल जरा मोठं आणि हाताला लागणारं असावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुई आणि नोझल सुटे मिळतात का, किती दिवसांत आणि कितीला, हे आधी विचारायचं. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तर एअरब्रश कितीही नावाजलेला असो, तिथून उठायचं. पहिल्या खरेदीतच दोन जादा सुया आणि दोन नोझल घेऊन ठेवायचे.

उरलेला पैसा कॉम्प्रेसरवर घालायचा. टाकी असलेलाच घ्यावा. टाकी नसेल तर हवा धडधडत येते आणि रेघेत गाठी पडतात. शिवाय टाकीत हवा भरलेली असली की वीज गेली तरी हातातली रेघ पुरी होते, हे आपल्या भागात लक्षात ठेवायला हवं. दाब ठरवायचा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा ट्रॅप हवाच. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवा दाबली की तिच्यातली वाफ नळीत पाणी होऊन साठते आणि नेमकी चांगल्या कामावर थुंकते. टाकीचं पाणी रोज काढायचं. ते काम वर्गाच्या मॉनिटरला द्यावं.

शेवटची गोष्ट, आणि यात काटकसर नको. हे रंगाचे कण इतके बारीक असतात की श्वासातून खोल जातात. शाळेत फक्त पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंगच वापरायचे. थिनरवाले रंग खोलीत आणायचेच नाहीत, त्यांच्या वाफेला साधा मास्क पुरत नाही. ॲक्रिलिकलाही प्रत्येकाच्या नाकावर एन-९५ मास्क आणि खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. आपली काही मुलं सीझनला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायला जातात, ती तोंडाला रुमालसुद्धा बांधत नाहीत. शाळेत लागलेली मास्कची सवय ती तिथे घेऊन गेली, तर आपल्या वर्गणीतला तेवढाच खर्च सगळ्यात कामी आला असं मी म्हणेन.

दुसरी गाडी बाबांना दाखवली तेव्हा त्यांनी चाकामागच्या तांबड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा पावसाळ्याआधीचा आहे. मे महिन्यातला." मी एवढा विचार केला नव्हता. पण ते बरोबर होतं, पावसाळ्यात तो चिखल झाला असता. दोन्ही गाड्या मी शाळेला देत आहे. मुलांना शेजारी शेजारी पाहता याव्यात म्हणून दोन्ही.

जेवणानंतर चित्रकलेच्या खोलीत माझा ०.३ चा एअरब्रश लावून ठेवते. भिंतीवर कागद असेल, मास्क दारातच ठेवले आहेत. प्रत्येकाने एक रेघ ओढून पाहावी आणि मग माझी शिफारस मान्य आहे की नाही ते सांगावं. पहिली रेघ चित्रकलेच्या सरांनी ओढावी, अशी विनंती करते.