आधी कुटार, मग बोकड
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मांसासाठी जनावर बांधून पोसणं, हा आजचा विषय. अमेरिकेत कॅन्सस, नेब्रास्का या भागांत हे काम गोऱ्ह्यांवर चालतं. हजारो गोऱ्हे वाड्यांत ठेवायचे, मक्याचा खुराक चारायचा, काही महिन्यांत वजन भरलं की विकायचे. आपल्याकडे गोवंशासाठी ही वाट कायद्यानं बंद आहे. गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्या कायद्याची चर्चा मी इथे करणार नाही. माझ्या विषयापुरती एकच गोष्ट सांगतो: कामातून गेलेला बैल आता शेवटपर्यंत कोठ्यातच राहतो आणि त्याच्या वाट्याचं वैरण मालकाला काढून ठेवावंच लागतं. तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात मांसासाठी पोसायचं जनावर म्हणजे बोकड.

गेल्या काही वर्षांत रस्त्यांच्या कडेला पत्र्याची शेडं उभी राहिली. आपलीच शिकलेली पोरं, घरचे दागिने मोडून किंवा बँकेचं कर्ज काढून या धंद्यात उतरली. त्यातली कित्येक शेडं आज रिकामी आहेत. लोक म्हणतात रोग आला, भाव मिळाला नाही. मी आत जाऊन गव्हाण पाहतो, तेव्हा दिसतं ते वेगळंच. जनावर आधी आलं आणि चाऱ्याचा विचार नंतर झाला.

ही चूक जिल्ह्याला नवी नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात यवतमाळ होतं, आणि त्यात अनुदानावर दुधाळ जनावरंही होती. जास्त दूध देणारी गाय कोरडवाहू कापूसवाल्याच्या दारात आली. तिला हिरवा चारा हवा, ढेप हवी, उन्हाळ्यात भरपूर पाणी हवं. ज्या घरात माणसांच्या धान्याची ओढाताण, तिथे गायीच्या ढेपेचा खर्च कुठून निघणार? पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वेळी यावर लिहिलं होतं. गाय वाईट नव्हती, देणाऱ्याचा हेतूही वाईट नव्हता. ती खाईल काय, एवढं कोणी विचारलं नाही.

कोणी म्हणेल, बकरी तर चरून येते, तिला बांधायचं कशाला? दोन कारणं सांगतो. पांढरकवडा, राळेगावकडच्या लोकांना पहिलं कारण सांगायची गरज नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात मारली गेलेली टी-१ वाघीण, जिला बाहेर ‘अवनी’ म्हणून ओळखतात, तिच्या दहशतीत इथल्या गावांनी दोन वर्षं काढली. जंगलाच्या कडेला ढोरं नेणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतणारी चराई मी कोणाला सांगणार नाही. दुसरं कारण आपल्या वावरातलंच आहे. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. जे औषध माणसाच्या श्वासातून आत जातं, तेच धुऱ्यावरच्या गवतावरही बसतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात कपाशीच्या धुऱ्यावरचा भारा कापून बोकडांपुढे टाकू नका, हे मी हात जोडून सांगतो. शेजाऱ्यानं काल काय फवारलं, ते तुम्हाला ठाऊक नसतं.

आता चाऱ्याकडे वळू. पूर्वी ज्वारी होती तेव्हा कडबा होता. ज्वारी गेली, सोयाबीन आलं आणि कोठ्यावरची कडब्याची गंजी गेली. सोयाबीनचं कुटार टणक असतं. बोकड त्यातली शेंगांची टरफलं वेचतो आणि काड्या गव्हाणीत सोडून देतो. पण तुरीचं कुटार! मूठभर हातात घेऊन पाहा: वाळका पाला, शेंगेची साल, बारीक डिरी, आणि हाताला गोडसर वास लागतो. बकरीच्या जातीला याहून आवडीचं कोरडं खाणं आपल्याकडे नाही. जानेवारी-फेब्रुवारीत थ्रेशरमागे याचे ढीग पडतात आणि बरेच लोक ते वावरातच पेटवून देतात. हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं. हरभऱ्याच्या कुटाराचंही तेच. ताडपत्रीवर गोळा करा, जमिनीपासून हातभर उंच ओट्यावर ठेवा आणि वरून झाका. भिजून बुरशी धरली तर ते खाऊ घालू नका.

एक साधा हिशेब मांडतो. वीस बोकड, सुरुवातीचं वजन वीस किलो, विकताना तीस. चार महिने धरा. बोकडाला वजनाच्या सुमारे चार टक्के कोरडं खाद्य लागतं, म्हणजे सरासरी दिवसाला एक किलो. वीस बोकडांचं चार महिन्यांचं झालं चोवीस क्विंटल. त्यात दाणा-ढेपेचा खुराक प्रत्येकी पाव किलो धरला तर सहा क्विंटल. उरलेल्या अठरापैकी निम्मं कुटार, म्हणजे नऊ क्विंटल. बाकीचं हिरव्यातून यायचं, आणि हिरव्यात तीन हिस्से पाणीच असतं, म्हणून ते छत्तीस क्विंटल लागेल, दिवसाला तीस किलो. गव्हाणीखाली तुडवलं जातं ते वेगळं. हा चारा स्वतःच्या वावरातून निघाला तर चार पैसे राहतात. सगळाच विकत आणला तर बोकड विकून आलेला पैसा चारावाल्याकडे जातो.

हिरव्यासाठी विहिरीजवळ थोडी मेथीघास, दशरथ घास लावा आणि धुऱ्यावर शेवरी, सुबाभूळ. सुबाभळीत मिमोसिन नावाचं विष असतं, त्यामुळे ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. याची एक मोठी गमतीची हकिकत आहे. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाणाऱ्या जनावरांचे केस झडत होते, हवाई बेटांवरच्या बकऱ्या मात्र तीच खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं शोधलं, की त्या बकऱ्यांच्या पोटात हे विष पचवणारा जिवाणू आहे. तो ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडला आणि त्रास थांबला. ज्वारीचा फुटवा मात्र कोवळा असताना देऊच नका, किराळ लागते आणि वैद्य येईपर्यंत जनावर हातचं जातं.

खुराकाबद्दल सविस्तर बोलतो, कारण घाईनं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. बाजारातून आणलेल्या बोकडाला पहिल्याच दिवशी पाव किलो भरडा टाकला, तर त्याचं पोट आंबतं. पन्नास ग्रॅमपासून सुरू करून दोन आठवड्यांत पावशेरावर या. आधी कुटार खाऊ द्या, मग दाणा. आंत्रविषार नेमका तगड्या, खादाड बोकडाला गाठतो. रात्री गव्हाणीवर सगळ्यांना ढकलून खाणारा सकाळी मेलेला सापडतो आणि लोक म्हणतात कोणाची नजर लागली. त्याची लस पावसाळ्याआधी मिळते. पीपीआरची लस, जंताचं औषध, हेही पशुवैद्यकाला विचारून करा.

दुसरा धोका मुतखड्याचा. दाण्यात आणि कोंड्यात स्फुरद जास्त असतं, चुना कमी. लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडाची मूत्रनळी अरुंद राहते. तो पाय फाकवून उभा राहतो, शेपटी सारखी हलवतो, कण्हतो आणि दोन-चार थेंब पडतात. अशा वेळी उद्यापर्यंत थांबायचं नसतं, लगेच डॉक्टरकडे न्यायचं. हा त्रास टाळायचा तर खुराकात चुनखडीची भुकटी आणि मीठ हवं, चाटायला क्षारमिश्रण हवं, आणि पाणी सावलीत हवं. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या टाकीतलं पाणी बोकड पीत नाही. सरकीची ढेप आपल्या जिल्ह्यात सहज मिळते, पण सरकीत गॉसिपॉल असतं, म्हणून ती लहान पिल्लांना नको. मोठ्यांनाही इतर दाण्यात मिसळून, बेतानं.

जातीवर मी फार वेळ घालवत नाही. दूरच्या राज्यांतली देखणी जात महागात आणण्यापेक्षा आपली बेरारी, काळी उस्मानाबादी इथल्या उन्हाला सरावलेली आहे.

विक्रीचं गणित उलटं मांडावं लागतं. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. त्या बाजाराला बोकड वर्षाचा भरलेला आणि धडधाकट हवा. कान फाटलेला, शिंग मोडलेला चालत नाही. ईदेपासून चार महिने मागे मोजा, तो खुराक सुरू करायचा दिवस. आखाडाच्या गिऱ्हाइकासाठी दुसरी खेप धरता येते. विकताना हातानं उचलून अंदाज बांधणाऱ्या व्यापाऱ्यापुढे तुमचा स्वतःचा वजनकाटा असू द्या.

शेवटी एक मागणी. सरकारच्या गट-वाटप योजनेत दहा शेळ्या आणि एक बोकड मिळतो. अर्ज करताना घराचा, जातीचा, जमिनीचा दाखला मागतात. त्याच कागदांत एक रकाना असावा: वर्षाचा चारा कुठून येणार? भूमिहीन बाईचा अर्ज त्यापायी नाकारला जाऊ नये, म्हणून तिच्या चाऱ्याची सोय गावानं करावी. कपाशीची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटीत बकऱ्या सोडाव्यात असं कृषी विभागच सांगतो, कारण राहिलेली बोंडं खाल्ली जातात आणि गुलाबी बोंडअळीला पुढचा आसरा उरत नाही. मग वावर कोणत्या तारखेला खुलं होणार, शेवटची फवारणी कधी झाली, तिथे कोणाच्या बकऱ्या जाणार आणि गायरानातलं गवत कोण कापणार, हे दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत लिहून घ्या. तुमच्या गावात असा ठराव व्हायचा असेल तर मसुदा मी करून देतो. व्याख्यान संपल्यावर मी इथेच बसलेला असेन, ज्यांना हवा त्यांनी गावाचं नाव सांगावं.