घरच्या कुत्र्याची खाज आणि तिच्यावरील इलाजांची निवड



मोरा बंदरापासून करंज्यापर्यंतच्या ज्या किनारपट्टीत आपण राहतो, तेथे मृग लागला की भिंतींना ओल येते, धुतलेले वस्त्र दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि त्याच सुमारास घरोघरचे कुत्रे मध्यरात्री उठून कान, काखा आणि शेपटीचे मूळ खाजवू लागते; म्हणून पावसाच्या तोंडावरच हा विषय मी मांडीत आहे. हा मुका जीव आपली व्यथा सांगू शकत नाही, आणि आपण त्याच्यासाठी बाटली उचलतो ती बहुधा वेष्टनावरचे चित्र पाहून, याचे मला मनापासून दुःख होते.

खाज हा स्वतंत्र रोग नाही, ते लक्षण होय. आणि कारण ठरल्यावाचून औषध निवडणे म्हणजे फिर्याद न वाचता निकाल देणे होय. कारणाचा पहिला दाखला कुत्र्याच्या अंगावरच मिळतो. शेपटीच्या मुळाशी आणि पाठीच्या मागल्या भागावर खाज असेल तर पिसवांचा संशय धरावा. कानांच्या कडा आणि कोपरे यांवरचे केस जाऊन खपल्या धरल्या असतील, आणि घरातील माणसांच्या अंगावरही पुरळ उठू लागले असेल, तर ती खरूज असण्याचा संभव मोठा. चाटून चाटून पंजे तांबूस झाले असतील आणि तोंड व पोट लाल होत असेल, तर धूळ, परागकण अथवा आहारातील एखादे द्रव्य त्याच्या प्रकृतीस मानवत नसावे. आणि अंगाला आंबूस, तेलकट दर्प येत असेल तर कातडीवर बुरशी माजली असावी. पिसवांची खात्री करून घेण्यास फारसा खर्च येत नाही. बारीक दातांच्या फणीने केस विंचरून निघालेला कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावा; काळ्या कणांभोवती तांबडा डाग पसरला, तर ती माती नसून पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे असे समजावे. घरगुती साधनांत या फणीचे स्थान मी कोणत्याही शाम्पूच्या आधी लावीन.

आता एका वहिवाटीविषयी मला कठोर बोलणे भाग आहे. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, अवजड गाड्यांची वर्दळ वाढली, आणि गाडीच्या इंजिनातून काढलेले काळे, जळके तेल खरजेने केस गेलेल्या कुत्र्याला चोपडावे ही जी समजूत देशात ठिकठिकाणी आढळते, तिला लागणारे द्रव्य आपल्याकडे सहजप्राप्य झाले. असे करणाऱ्याच्या अंतःकरणात दयाच असते, परंतु ते जनावर अंग चाटते, आणि तेलातील विषारी द्रव्ये व धातूंचे अंश त्याच्या पोटात जातात. उघडी पडलेली कातडी भाजल्यासारखी होते ती वेगळीच. रॉकेल आणि फिनेल यांचीही तीच गत. खोबरेलात कापूर घालून लावण्याचा उपाय निरुपद्रवी वाटतो, पण चाटण्यावाटे पोटात गेलेल्या कापराने झटके येऊ शकतात. कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने अंग धुतल्यास थोडे शमन होते, परंतु कातडीत बीळ करून राहणारा खरजेचा किडा त्याने मरत नाही. चुना-गंधकाचे द्रावण मात्र पशुवैद्यकात मान्यता पावलेले आहे. त्यास सडक्या अंड्यांची घाण येते आणि चांदी काळी पडते, तरीही पशुवैद्याने सांगितलेल्या प्रमाणात पातळ करून वापरल्यास ते गुणकारी ठरते. समुद्रापलीकडे परळ येथे १८८६ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय चालू असता आपल्या दारचे कुत्रे जळक्या तेलात माखलेले दिसावे, ही स्थिती मला असह्य वाटते.

शाम्पूविषयी पहिली गोष्ट ही की, तो माणसाचा नसावा. आपल्या त्वचेचा सामू साडेपाचच्या आसपास, तर कुत्र्याचा साधारणतः सहा ते साडेसातच्या दरम्यान. शिवाय त्याची बाह्यत्वचा पेशींच्या अवघ्या ३ ते ५ थरांची, जेथे आपली १० ते १५ थरांची असते. नुसती कोरडी खाज असेल तर ओटयुक्त, सुगंधरहित शाम्पू पुरेसा होतो. बुरशी वा जंतूंचा उपद्रव असेल तर बाटलीच्या पाठीवरील बारीक मजकुरात क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनॅझोल ही नावे शोधावी, पहिल्याचे प्रमाण २ ते ४ टक्के असल्याचे पाहावे, आणि फेस अंगावर १० मिनिटे राहू देऊन मगच धुवावा. तत्काळ धुतलेले औषध केवळ पैशाचा नाश करते. 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबू नये, कारण टी ट्री झाडाचे निव्वळ तेल कुत्र्याला कंप आणि अशक्तता आणू शकते.

पिसवा आणि गोचीड यांवर मानेवर सोडण्याचे थेंब घेताना कुत्र्याचे वय व वजन वेष्टनाशी ताडून पाहावे, आणि आधी व नंतर दोन-दोन दिवस त्यास आंघोळ घालू नये. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेले औषध आणूच नये. कुत्र्याला सोसणारी मात्रा मांजराचा प्राण घेऊ शकते. मग घराचा बंदोबस्त करावा, कारण पिसवांची बहुतांश प्रजा, अंडी, अळ्या व कोशांच्या रूपाने, अंथरुणात आणि फटींत असते. तांबडी गोचीड तर भिंतीच्या भेगांत शिरून हजारो अंडी घालते.

घरातील माणसांचे खाजेचे मलम लावण्याचा मोह मात्र आवरावा. त्यांपैकी पुष्कळांत स्टेरॉइड असते; त्याने लाली दबते, रोगाचे मूळ रूप झाकले जाते, आणि चाटण्यावाटे औषध पोटात जाते ते निराळे.

पावसाळ्यात धुण्यापेक्षा वाळवणे अधिक महत्त्वाचे. पिरवाडीच्या किनाऱ्यावर पोहून आलेल्या कुत्र्याला गोड्या पाण्याने खळखळून धुवावे, नंतर सुती पंचाने बोटांच्या बेचक्या, काखा आणि कानांच्या पाळ्या कोरड्या कराव्या, आणि ओल्या गोणपाटावर त्यास निजू देऊ नये. कानाला घाण येत असेल, तर घरातली थेंबांची जुनी बाटली उघडण्याआधी कानाचा पडदा शाबूत असल्याची रुजवात पशुवैद्याकडून करून घ्यावी; पडदा फाटलेला असता काही औषधे आतल्या कानास इजा करून श्रवणशक्ती कायमची हिरावून घेतात.