आश्विनातला सागरी मार्ग

दसरा झाला, पाऊस उघडला, की कोकण पाहावं. मात्र मुंबई-गोवा महामार्गानं नको; तो रस्ता पोचण्याच्या घाईसाठी आहे. आपण किनाऱ्याकिनाऱ्यानं जावं. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, गुहागर आणि पुढे जयगड.

ही वाट खाड्यांनी जागोजागी तोडली आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला. बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड असं गाडीसकट फेरीबोटीनं पलीकडे जायचं. डोळ्यांदेखत बोट सुटली तर सुटू द्यावी. धक्क्यावर बसावं. ओहोटी असेल तर कांदळवनाच्या मुळांतून चिखलात खेकडे पळताना दिसतात, बगळे त्यांच्यावर टपलेले असतात. या खाड्यांवर पूल मात्र व्हायलाच हवेत. अपरात्री आजारी माणसाला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं, तर बोटीच्या वेळापत्रकावर विसंबून कसं चालेल?

या दिवसांत हळवं भात कापणीला आलेलं असतं. सकाळच्या दवात कापलेल्या पेंढ्यांचा वास रस्त्यापर्यंत येतो. कोजागरीला इथे नवान्न पौर्णिमा असते. भाताच्या नव्या लोंब्या, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल यांची जुडी दाराला बांधतात. देवाला नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवल्यावरच घरात नवा भात शिजतो. कुणी आग्रहानं पंगतीला बसवलं तर नाही म्हणू नये.

जून-जुलैची मासेमारीबंदी संपून होड्या केव्हाच समुद्रात गेलेल्या असतात. हर्णैच्या बंदरात सुवर्णदुर्ग समोर ठेवून संध्याकाळी लिलाव चालतो. बैलगाड्या थेट पाण्यात जाऊन होड्यांवरचा माल उतरवून आणतात. वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग पडतात आणि कोळणींचा भाव कानावर येतो. ते पाहायला तासभर हाताशी ठेवावा.

दुपारचं ऊन मात्र कडक असतं. तेव्हा एखाद्या नारळी-पोफळीच्या वाडीत घरगुती जेवण करून पडावं आणि उन्हं कलल्यावर निघावं.

आणि श्रोतेहो, एक विनंती. गावातून जाताना रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं दिसेल. त्यावरून चाक जाऊ देऊ नका. गाडी थांबवा, समोरच्याला आधी जाऊ द्या. ते त्या घराचं वर्षाचं धान्य आहे.