ठोका ऐकावा, मग पाना धरावा
(ग्रामीण कार्यकर्त्यांच्या शिबिरात दिलेले भाषण)



पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या इंजिनातून ठक्‌ ठक्‌ असा आवाज येऊ लागला की मालक दोनपैकी एक चूक करतो. ‘एवढे रान उरकू, मग पाहू’ म्हणून तो काम रेटतो, अथवा घाबरून सारे इंजिन खोलायला लावतो. एकाच्या इंजिनात कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलेले मी पाहिले आहे. दुसऱ्याचे इंजिन उतरवल्यावर दोष निघाला तो एका नोजलचा. वाफसा मात्र दोघांचाही गेला.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडतो आणि क्षणार्धात आपोआप पेटतो. हा क्षण लांबला तर साठलेले डिझेल एकदम भडकते, तोच ठोका. म्हणून थंड इंजिन सुरू होताना थोडा ठोका येणे स्वाभाविक आहे. गरम झाल्यावरही तो राहिला तर शोध घ्यावा.

प्रथम ऑईलची पातळी व दाब पाहावा. दाब कमी आणि ओझ्याखाली जड, दबका ठोका, म्हणजे बेअरिंगची शंका. इंजिन तत्काळ बंद करावे. घरापर्यंतही चालवू नये. वरच्या बाजूने हलकी, नियमित टिकटिक येत असेल तर टॅपेटचे अंतर तपासावे.

ऑईल ठीक असेल तर जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनात जाणत्या मिस्त्रीने, इंजिन मंद चालू ठेवून, एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करून पुन्हा आवळावा. ज्या सिलिंडरवर ठोका थांबतो वा कमी होतो, दोष तेथे. मग इंजिन बंद करून त्याचे नोजल शेजारच्या सिलिंडरला लावावे. ठोका नोजलबरोबर सरकला तर नोजल दोषी; जागीच राहिला तर पिस्टन, पिन किंवा रॉडचे बेअरिंग पाहावे. सर्वच सिलिंडरांत ठोका असेल तर पंपाचे टायमिंग आणि डिझेलची शुद्धता तपासावी.

सावधगिरीचा एक शब्द. फवाऱ्यापुढे हात कदापि धरू नये; तो कातडीत शिरतो आणि जखम बारीक दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांत दाब हजार बारहून अधिक असू शकतो. तेथे नट सैल करण्याची चाचणी मुळीच करू नये.

शेतकऱ्याने मिस्त्री व्हावे असा माझा आग्रह नाही. आवाज थंड असताना की गरम झाल्यावर, मोकळ्यावर की ओझ्यावर, धूर कोणत्या रंगाचा, ऑईलचा दाब किती, ही चार उत्तरे त्याने मिस्त्रीजवळ न्यावीत. हे चार प्रश्न पंचायतीच्या फलकावर लिहावेत, शाळेत मुलांना शिकवावेत. वेळीच ऐकलेला ठोका नोजलवर निभावतो. न ऐकलेला सारे इंजिन आणि हंगाम घेऊन जातो.