क्ष-किरणांची पारख

हर्सूलच्या एखाद्या घरांतील मुलाचा खोकला हटेना, म्हणजे घरचीं माणसें त्याला शहरांतील घाटीच्या रुग्णालयांत घेऊन जातात. छातीचें चित्र निघतें, डॉक्टर तें पाहून निदान करतात, आणि सर्वांना हायसें वाटतें. परंतु त्या चित्रासाठीं कोवळ्या शरीरानें किती किरण सोसले, व त्यांतील किती व्यर्थ गेले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर किरणांच्या वर्णपटांत आहे.

रॉंटगेन यांनीं ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींत हे किरण प्रथम पाहिले. १९१३ मध्यें अमेरिकेंत कूलिज यांनीं तापलेल्या तारेची निर्वात नळी सिद्ध केली; आजच्या नळ्या तिच्याच वंशांतील होत. तारेंतून सुटलेले इलेक्ट्रॉन विजेच्या दाबानें वेग घेऊन टंगस्टनवर आदळतात. दाब एक लाख व्होल्ट असला, तरी त्यांच्या शक्तीचा शेंकडा एक हिस्साहि क्ष-किरण होत नाहीं. बाकी सारी उष्णतेंत जाते.

हे किरण एकजिनसी नसतात. पोत्याचें वजन कळलें म्हणून आंतल्या ज्वारीची प्रत कळत नाहीं. तसेंच येथें आहे. एक लाख व्होल्टच्या नळींतून एक लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच्या लहानमोठ्या शक्तींचे किरण निघतात; त्यापलीकडचा एकहि निघत नाहीं. ही मर्यादा ड्युएन व हंट यांनीं १९१५ मध्यें दाखविली. ह्या सलग पटावर टंगस्टनचे खास किरण ५९ व ६७ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास शिखरांसारखे उठून दिसतात. मात्र दाब सुमारें ६९,५०० व्होल्टच्या वर गेल्याशिवाय तीं शिखरें उमटत नाहींत.

यांतील दुबळे किरण छातीच्या पार जातच नाहींत. ते त्वचेंत व मांसांत जिरतात. चित्राला त्यांचा उपयोग नाहीं, शरीराला मात्र भार होतो. म्हणून नळीच्या तोंडाशीं अॅल्युमिनियमचा पत्रा बसवून ते आधींच गाळतात. उलट, फार प्रबळ किरण हाडांतून व मांसांतून जवळजवळ सारखेच पार होतात, आणि चित्र फिकें पडतें. ह्या दोहोंमधील प्रत साधावयाची, तर वर्णपट ठाऊक हवा.

तो जाणण्याचे मार्ग दोन. पहिला गणिताचा. क्रॅमर्स यांनीं १९२३ मध्यें त्याचा सोपा नियम बसविला. परंतु टंगस्टनच्या आंत उपजलेले कांहीं किरण त्यांतच जिरतात, ही वजावट त्यांत करावी लागते. १९७९ मध्यें बर्च व मार्शल यांनीं ती हिशेबांत घेऊन अधिक खरा आराखडा दिला. आतां संगणक फांसे टाकल्याप्रमाणें एकेका इलेक्ट्रॉनाचा प्रवास मांडून पाहतो.

दुसरा मार्ग मोजणीचा. द्रवरूप नायट्रोजननें थंड राखलेल्या जर्मेनियमच्या स्फटिकावर किरण पडला, कीं त्याच्या शक्तीच्या प्रमाणांत विद्युत्‌भार उत्पन्न होतो. त्यावरून किरणांची प्रतवार गणती होते. अडचण अशी कीं, नळींतून किरणांचा लोंढा येतो. साठ साठ हजारांचे दोन किरण एकदम पडले, तर स्फटिक त्यांना एक लाख वीस हजारांचा एकच किरण समजतो! नळीच्या दाबाहून अधिक शक्ति दिसूं लागली, कीं मोजणी फसली असें समजावें. म्हणून विजेचा प्रवाह कमी करून, अंतर वाढवून, सुईच्या टोंकाएवढ्या छिद्रांतूनच किरण आंत घेतात.

रुग्णालयांत एवढा खटाटोप शक्य नसतो. तेथें अॅल्युमिनियमचे पत्रे एकावर एक ठेवून किती जाडीनें किरण निम्मे होतात, तें पाहतात. जाडी कमी भरली, तर दुबळे किरण फार आहेत असें ठरतें. अशा यंत्रांवर देखरेख ठेवणारें अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्यें स्थापन झालें. त्याचें मुख्य कार्यालय मुंबईंत आहे.

यंत्रावरील आंकडा किरणांच्या शक्तीची कमाल सांगतो, प्रत सांगत नाहीं. डॉक्टरांनीं आवश्यक ठरविलेलें चित्र भीतीनें टाळूं नये. परंतु जुनें चित्र जपून ठेवावें, नवें काढण्यापूर्वीं तें दाखवावें, आणि यंत्राची तपासणी झाली आहे काय, हें निःसंकोचपणें विचारावें. असें विचारणें हा उद्धटपणा नव्हे; आपल्या मुलाची ती काळजीच होय.